झोप न घेणारे आणि झोप न लागणारे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर झोपेचे महत्त्व सांगणारे लेख अधूनमधून येत असतात आणि ते मी आवर्जून वाचते. परिचारिका म्हणून नोकरीचा बराच काळ रात्रपाळीत गेल्यामुळे या विषयाकडे माझे लक्ष जरा अधिकच जाते. या लेखांत सांगितलेले बहुतेक सगळे खरे असते. माझी हरकत वेगळ्याच गोष्टीला आहे. हे लेख ज्या वाचकाला उद्देशून लिहिलेले असतात, तो ते वरवर चाळून पान उलटतो आणि नेहमीप्रमाणे मध्यरात्र उलटेपर्यंत जागतो. ज्याच्यासाठी ते लिहिलेलेच नसतात, तो मात्र शब्दन् शब्द वाचतो, अपुऱ्या झोपेने जडणाऱ्या रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार अशा विकारांची यादी मनात साठवतो आणि त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर तिचीच उजळणी करीत टक्क जागा राहतो. पहिला झोप घेत नाही आणि दुसऱ्याला ती लागत नाही. या दोघांना एकच सल्ला दिला की दुसऱ्याचे दुखणे वाढते, हे जरा विस्ताराने मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पहिल्या वाचकाविषयी फार लिहायला नको, कारण त्याच्या दुखण्यावरचा इलाज बहुधा त्याच्याच हातात असतो. प्रौढ माणसाला रात्री किमान ७ तास झोप हवी, अशी शिफारस अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या दोन प्रमुख संस्थांनी २०१५ साली संयुक्तपणे केली. पौगंडावस्थेतील मुलांना ८ ते १० तास लागतात. ‘मला पाच तास पुरतात’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग ध्यानात घ्यावा. निरोगी माणसांना सलग १४ दिवस रोज सहाच तास झोपू दिले, तेव्हा अखेरीस त्यांची एकाग्रता व प्रतिसादाचा वेग सलग एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतका ढासळला होता. त्याहून चिंतेची बाब अशी की, आपली कामगिरी इतकी खालावली आहे याची त्यांना स्वतःला फारशी जाणीवच नव्हती. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसासारखे चालतात, हेही १९९७ सालीच दाखवून दिले गेले आहे. अनेक देशांत एवढ्या मद्यावर वाहन चालवणे गुन्हा ठरतो. जागरणावर मात्र कोणी दंड आकारत नाही, उलट कार्यालयात त्याचे कौतुकच होते. अशा वाचकाला आपण जितके खडसवाल तितके थोडेच.

आता दुसऱ्या वाचकाकडे वळते, कारण खरा प्रश्न त्याचा आहे. झोपायला पुरेसा वेळ आहे, शांत जागा आहे, अंगात थकवाही आहे, तरी झोप लागत नाही, किंवा लागली तरी मध्येच मोडते आणि परत येत नाही, किंवा पहाटे फार लवकर जाग येते. हे आठवड्यातून किमान तीन रात्री घडते, तीन महिन्यांहून अधिक काळ टिकते आणि त्यापायी दिवसाची कामे बिघडतात, तेव्हा त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. यातली पहिलीच अट, म्हणजे झोपेची संधी उपलब्ध असणे, फार महत्त्वाची आहे. अशा माणसाला ‘लवकर झोपायला जा, झोपेला जास्त वेळ द्या’ असे सांगितले जाते आणि तो बिचारा ते इमानेइतबारे पाळतो. नेमके तेच त्याला नडते.

ते का नडते, हे कळण्यासाठी झोप कशी येते ते थोडे पाहायला हवे. झुरिकमधील संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडलेली उपपत्ती आजही या शास्त्राचा पाया मानली जाते. तिच्यानुसार झोप दोन गोष्टींच्या मेळातून येते. एक म्हणजे झोपेची ओढ. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते, तशी ही ओढ वाढते आणि झोपल्यावर ती ओसरते. चहा-कॉफीतील कॅफीन या अ‍ॅडिनोसिनलाच अडवते आणि त्याचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळची कॉफी रात्री त्रास देते. दुसरी गोष्ट म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेले जैविक घड्याळ. ते साधारण २४ तासांच्या फेऱ्यात शरीराचे तापमान, मेलाटोनिन व इतर संप्रेरके यांचे चढउतार घडवते आणि त्याची वेळ मुख्यतः डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाने जुळवली जाते. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यातली मेख अशी की, झोपण्याच्या नेहमीच्या वेळेआधीचे दोन-तीन तास हे घड्याळ आपल्याला सर्वांत जास्त जागे ठेवते. काल झोप झाली नाही म्हणून आज नऊ वाजताच अंथरूण गाठणारा माणूस याच तासांत झोपेला हाका मारत असतो. त्यातच दुपारी तासभर आडवे पडून त्याने साचलेली ओढही खर्चून टाकलेली असते. मग झोप कशी येणार?

निद्रानाश मुरतो कसा, याचे आर्थर स्पीलमन या मानसशास्त्रज्ञाने केलेले विवरण मला फार पटते. काहींचा पिंडच असा असतो की त्यांची झोप सावध असते, जरा खुट्ट झाले की मोडते. अशा माणसाच्या आयुष्यात एखादा धक्का येतो. जवळचे माणूस जाते, नोकरी जाते, बाळंतपण होते, शस्त्रक्रिया होते, आणि झोप उडते. इथवर सारे नैसर्गिक आहे. संकटाच्या काळात माणूस जागा राहतो, तो निसर्गाने त्याच्यावर घातलेला पहारा आहे. धक्का ओसरला की बहुतेकांची झोप आपोआप परत येते. ज्यांची येत नाही, त्यांच्या बाबतीत मधल्या काळात केलेले उपायच आता दुखणे टिकवून धरत असतात. लवकर झोपायला जाणे, सकाळी उशिरापर्यंत लोळत पडणे, दुपारी डोळा लागतो का ते पाहणे, रात्री पुन्हा पुन्हा घड्याळ बघणे, झोप नीट झाली नाही म्हणून फिरायला जाणे रद्द करणे, आणि संध्याकाळ झाली की ‘आज तरी लागेल ना’ या धास्तीने पोटात गोळा येणे, हे सगळे त्यात मोडते. मूळ कारण केव्हाच मागे पडलेले असते. कित्येकांना बैठकीच्या खोलीत वर्तमानपत्र वाचताना पेंग येते, मान खाली पडते, आणि शयनगृहात जाऊन दिवा मालवला रे मालवला की डोळे खाडकन उघडतात. अंथरूण म्हणजे जागण्याची जागा, हा धडा त्यांच्या शरीराने पक्का गिरवलेला असतो.

वॉर्डमधील एक प्रसंग इथे सांगावासा वाटतो. रात्रपाळी केलेल्या कोणत्याही परिचारिकेला तो ओळखीचा वाटेल. रात्री दोनच्या फेरीला विजेरी खाली धरून, चपलांचा आवाज न करता मी खाटांमधून जात असे. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजी तोंड किंचित उघडे टाकून संथ लयीत घोरत असत आणि मी त्यांच्या तक्त्यावर ‘झोप लागली आहे’ अशी नोंद करीत असे. सकाळी डॉक्टर आले की त्याच आजी सांगत, ‘रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही हो.’ डॉक्टर माझ्याकडे पाहत, मी तक्ता पुढे करीत असे आणि आजींचा चेहरा दुखावलेला होई. पुढे या विषयावर वाचन झाले तेव्हा कळले की त्या खोटे बोलत नव्हत्या. निद्रानाशाच्या अनेक रुग्णांच्या मेंदूचा आलेख रात्रभर घेतला तर तो झोपेचा येतो आणि रुग्ण मात्र जागाच असल्याचे सांगतो. झोपेतही त्यांच्या मेंदूचा काही भाग सावध राहत असावा, असे आता मानले जाते. शिवाय जागेपणीची मिनिटे तेवढी लक्षात राहतात, झोपेची राहत नाहीत. दोन वेळा जाग आली आणि दोन्ही वेळा भिंतीवरचे घड्याळ पाहिले की मधला काळही जागरणाच्याच खात्यात जमा होतो. म्हणून अशा माणसाला ‘तुम्ही तर घोरत होता’ असे घरच्यांनी हसत सांगू नये, कारण त्याची थकल्याची भावना खरीच असते. आणि आपण समजतो त्यापेक्षा आपली झोप थोडी जास्तच झालेली असते, हे त्या माणसाला योग्य वेळी, योग्य शब्दांत कळले तर त्याची निम्मी भीती कमी होते.

या दुखण्यावर उपचार आहे, तो सिद्ध झालेला आहे आणि त्यात गोळी नाही, ही गोष्ट आपल्या पानावर मी क्वचितच छापलेली पाहिली. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ साली अशी शिफारस केली की, दीर्घकालीन निद्रानाशाच्या प्रत्येक प्रौढ रुग्णाला आधी बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलण्याचा उपचार, द्यावा आणि औषधाचा विचार नंतर करावा. युरोपातील मार्गदर्शक सूचनाही पुढच्याच वर्षी हेच सांगत्या झाल्या. डॉक्टर मंडळी या उपचाराला सीबीटी-आय म्हणतात आणि साधारण चार ते आठ बैठकींत तो पूर्ण होतो. झोपण्यापूर्वी गरम पाण्याने आंघोळ, मंद संगीत, खोलीत अंधार वगैरे जो उपदेश आपण सर्वत्र वाचतो, त्याला या उपचारात फार दुय्यम स्थान आहे. त्या सूचना वाईट नाहीत, पण एकट्या त्यांच्या बळावर मुरलेला निद्रानाश हटत नाही, आणि रुग्णाला वाटते की सगळे करून पाहिले, आता आपले काही खरे नाही.

उपचाराचा पहिला भाग मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ साली मांडला. डोळ्यांवर झापड आल्याखेरीज अंथरुणावर जायचे नाही; साधारण वीस मिनिटे गेली असे वाटले आणि झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचे, मंद उजेडात काहीतरी शांत, किंबहुना कंटाळवाणे करायचे आणि झापड आली की परतायचे; वाटल्यास हे रात्रीतून कितीही वेळा करायचे; आणि रात्र कशीही गेली असली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचे. वेळ अंदाजाने ओळखायची, त्यासाठी घड्याळ पाहायचे नाही. वाचायला सोपे वाटते, परंतु रात्री तीन वाजता उबदार पांघरूण सोडून खुर्चीत जाऊन बसायला मनाचा हिय्या करावा लागतो.

दुसरा भाग स्पीलमन यांचा आहे आणि ऐकणाऱ्याला तो उफराटा वाटतो, म्हणून तो उदाहरणाने सांगते. समजा, एखादी व्यक्ती रात्री दहा ते सकाळी सात असे नऊ तास अंथरुणात घालवते आणि त्यात सरासरी साडेपाच तासच झोपते. तिला सांगितले जाते की, यापुढे अंथरुणातला वेळही साडेपाच तासच ठेवा. उठण्याची वेळ सकाळी सहा ठरली, तर रात्री साडेबारापूर्वी आडवे व्हायचे नाही. पहिले एक-दोन आठवडे कठीण जातात. दिवसा पेंग येते, चिडचिड होते, ‘झोप नाही म्हणून आलो आणि उरलीसुरलीही काढून घेतली’ अशी तक्रार होते. पण झोपेची ओढ साचत जाते आणि तुकड्यातुकड्यांत विखुरलेली झोप हळूहळू सलग होऊ लागते. अंथरुणातल्या वेळापैकी ८५ टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की अवधी १५ मिनिटांनी वाढवायचा, पुन्हा आठवडाभर पाहायचे, आणि असे करीत पुरेशा झोपेपर्यंत यायचे. अंथरुणातला वेळ पाच तासांपेक्षा कमी करत नाहीत. ज्यांना फिट्स येतात, ज्यांना द्विध्रुवी (बायपोलर) मनोविकार आहे, झोपेत ज्यांचा श्वास अडतो किंवा ज्यांचे काम वाहन अथवा यंत्र चालवण्याचे आहे, त्यांनी हा प्रयोग स्वतःच्या मनाने मुळीच करू नये. इतरांनीही तो जाणकाराच्या देखरेखीखाली केलेला बरा. उपचाराचा तिसरा भाग विचारांशी संबंधित आहे. ‘आज झोपलो नाही तर उद्या सगळे बिघडेल’ या वाक्याची छाननी त्यात केली जाते. यापूर्वी वाईट रात्रींनंतर खरोखर किती बिघडले होते ते रुग्णाने स्वतः आठवून पाहायचे असते, आणि बहुतेकदा उत्तर निघते की दिवस ओढाताणीत गेला, पण गेला.

गोळ्यांविषयी लिहिल्यावाचून हे पत्र पुरे होणार नाही. मी त्यांच्या सरसकट विरोधात नाही. तीव्र शोकात किंवा शस्त्रक्रियेच्या आगेमागे काही दिवसांपुरती डॉक्टरांनी दिलेली गोळी माणसाला सावरते. अडचण सुरू होते ती जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन् महिने गोळ्या घेतल्या जातात तेव्हा. त्यांचा प्रभाव हळूहळू उणावतो, सवय जडते आणि एकदम बंद केल्यास पूर्वीपेक्षा वाईट झोप वाट्याला येते. ती पाहून माणसाची खात्री पटते की गोळीशिवाय आपण झोपूच शकत नाही. म्हणून त्या अचानक थांबवू नयेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी कराव्यात. वृद्धांमध्ये या गोळ्यांमुळे रात्री तोल जाऊन पडण्याचा व हाड मोडण्याचा धोका वाढतो. झोल्पिडेम व त्या जातीच्या औषधांमुळे काही रुग्ण झोपेतच चालणे, एवढेच काय तर वाहन चालवणे, असे प्रकार करतात हे दिसून आल्यावर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ साली त्यांच्या माहितीपत्रकात सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. सर्दीच्या औषधाने गुंगी येते म्हणून रोज तेच घेणारेही मी पाहिले आहेत. म्हाताऱ्या माणसांना त्याने भ्रम होऊ शकतो. मद्याने डोळा लवकर लागतो हे खरे, पण उत्तररात्री झोप मोडते तीही त्यानेच.

शिवाय ‘झोप लागत नाही’ ही तक्रार प्रत्येक वेळी निद्रानाशाचीच असते असे नाही. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे, सकाळी डोके जड असणे आणि दिवसा बसल्या जागी डुलकी लागणे, ही लक्षणे झोपेत श्वास अडण्याच्या विकाराची आहेत, आणि अशा रुग्णाला तपासणीविना झोपेची गोळी देणे धोक्याचे ठरू शकते. संध्याकाळ झाली की पायांत वळवळ सुरू होऊन ते हलवावेसे वाटत असतील तर शरीरातील लोह तपासावे लागते. पहाटे लवकर जाग येऊन मन उदास, निरर्थक वाटत असेल तर नैराश्याचा विचार करायला हवा. कधी कधी तर लघवी वाढवणारी गोळी रात्रीऐवजी सकाळी घेतली की काम भागते. डॉक्टरांना विचारून औषधाची वेळ बदलल्यावर शांत झोपू लागलेले रुग्ण मी वॉर्डमध्ये पाहिले आहेत.

पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांचा प्रश्न यापेक्षा निराळा आहे, कारण तिथे दोष माणसाच्या सवयींचा नसून वेळापत्रकाचा असतो. जैविक घड्याळ विस्कटणाऱ्या पाळीच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली ‘कर्करोगाला बहुधा कारणीभूत’ या गटात टाकले आणि २०१९ च्या फेरआढाव्यात रात्रपाळीच्या कामाचे तेच वर्गीकरण कायम ठेवले. रात्रपाळी बंद करता येणार नाही. रुग्णालये, अग्निशामक दल, वीजकेंद्रे रात्री चालायलाच हवीत. परंतु पाळ्या सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पुढे सरकणाऱ्या ठेवणे, दोन पाळ्यांमध्ये पुरेसा अवधी देणे आणि रात्री कामावर असताना छोट्या डुलकीला मुभा देणे, यात फार मोठा खर्च नाही. वेळापत्रक आखणारे बहुधा स्वतः दिवसपाळीत असतात, म्हणून हे सुचत नसावे.

आपणास माझी विनंती अशी आहे. झोपेविषयीच्या पुढील लेखांत ‘झोप न घेणारे’ आणि ‘झोप न लागणारे’ यांच्यासाठी मजकूर वेगवेगळा द्यावा. दुसऱ्यांसाठीच्या मजकुरात विकारांची भीतिदायक यादी गाळावी आणि उपचाराची माहिती द्यावी. मनगटावरील उपकरणे झोपेचे गुण मोजून दाखवतात, त्यांच्या जाहिरातींशेजारी दोन ओळी अशाही असाव्यात की गाढ झोप नेमकी किती झाली हे ती खात्रीने सांगू शकत नाहीत. त्या आकड्यांच्या काळजीनेच झोप बिघडलेल्या माणसांची दखल संशोधकांनी २०१७ सालीच घेतली आहे. आणि शक्य झाल्यास एखाद्या रविवारी पानाच्या तळाशी निद्रा-नोंदीचा दोन आठवड्यांचा साधा तक्ता छापावा, म्हणजे वाचकाला तो कापून डॉक्टरांकडे नेता येईल. त्यात रकाने थोडेच लागतात: अंथरुणावर कधी गेलो, अंदाजे किती वेळाने झोप लागली, किती वेळा जाग आली, शेवटी कधी उठलो, दिवसा डुलकी घेतली का, चहा-कॉफी, मद्य किंवा औषध केव्हा घेतले. तक्ता रात्री उशाशी ठेवू नये; सकाळी उठल्यावर, आठवेल तसा, अंदाजानेच भरावा, अशी सूचना त्याखाली ठळक अक्षरांत अवश्य द्यावी.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका